प्लॅन पास आहे, पण इमारतीचं काय?

आमच्या गावात फ्लॅट बघायला आलेलं कुणीही पहिला प्रश्न ठरलेला विचारतं, "प्लॅन पास आहे ना?" हो म्हटलं की निम्मा व्यवहार झाल्यासारखा असतो. मग पाणी किती वेळ येतं, दार पूर्वेला आहे का, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन बसेल का, असे प्रश्न सुरू होतात. "भोगवटा मिळालाय का?", म्हणजे पूर्ण झालेली इमारत राहायला योग्य आहे असा नगरपरिषदेचा दाखला मिळालाय का, हा प्रश्न मला आजवर दोनदाच ऐकू आला. एकदा बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी विचारला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा त्यांच्या पत्नीनी, कारण "अर्ज दिलाय, येईल" हे माझं उत्तर त्यांना पटलं नव्हतं.

बाई बरोबर होत्या. लहान इमारतीच्या परवानगीबद्दल आपल्याकडे जे काही बोललं जातं, ते सगळं 'प्लॅन पास' होईपर्यंतचं असतं. बांधणारा म्हणतो, फार हेलपाटे. सरकार म्हणतं, ऑनलाइन केलं, सोपं केलं. वर्तमानपत्रं म्हणतात, टेबलाखालून चालतं. तिघांचंही थोडंथोडं खरं आहे आणि तिघंही कागदाबद्दलच बोलताहेत. माझी तक्रार वेगळी आहे. नगरपरिषदेनं मला छळलं, याचं मला फारसं दुःख नाही. तिनं मला चुकीच्या वेळी छळलं. जमिनीत खड्डा पडायच्या आधी अकरा महिने तिचं माझ्यावर बारीक लक्ष होतं. खड्डा पडला, सळई बांधली, काँक्रीट ओतलं, एकामागून एक पाच स्लॅब झाले, तेव्हा ती कुठेच नव्हती.

जागा आमची चार गुंठ्यांची. आजोबांचं कौलारू घर, मागे आड, पुढे पारिजातक. आम्ही चौघं भावंडं. चार फ्लॅट घरात ठेवायचे आणि चार विकून बांधकामाचा खर्च काढायचा, हा हिशेब तालुक्याच्या गावांत आता इतका रुळलाय की त्याला कुणी बांधकाम व्यवसाय म्हणतच नाही, वाटणी म्हणतात. चार गुंठे म्हणजे साधारण ४०५ चौरस मीटर. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि मोजके भाग सोडून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर. तिच्यात मूळ एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१; म्हणजे आम्हाला ४४५ चौरस मीटर. जिने, बाल्कन्या, पॅसेज वगैरेंसाठी अधिमूल्य भरून त्यावर ६० टक्क्यांपर्यंत आणखी. सगळं मिळून साधारण ७१२. समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी, त्यामुळे विकतचा जादा एफएसआय नाही. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्याला दोन फ्लॅट. एवढीच आमची महत्त्वाकांक्षा.

याच नियमावलीत लहान माणसासाठी एक चांगली सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायचं असेल तर तंत्रज्ञानं प्रमाणित केलेला नकाशा द्यायचा, शुल्क भरायचं, आणि ती पावती हीच परवानगी. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत निकाल. दुसऱ्या टोकाला रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा. २०१६ चा हा कायदा म्हणतो की जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. पाच गुंठे ५०६ चौरस मीटर भरतात. त्यामुळे पाच गुंठेवाला जमिनीच्या मापानं रेरात जातो आणि फ्लॅटच्या मापानं बाहेर येतो. दोन्हींपैकी एक अट पुरी झाली की पुरतं, म्हणून आमच्या भागात आठ हा आकडा फार लाडका आहे. नववा फ्लॅट सहसा कुणी काढत नाही.

थोडक्यात, आमची इमारत सवलतीसाठी मोठी आणि संरक्षणासाठी लहान. रेरात नोंदलेल्या इमारतीत बांधकामाचा दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षं बिल्डर बांधील असतो, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. आठ फ्लॅटच्या इमारतीत घर घेणाऱ्याच्या हाती १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा जुना फ्लॅट-मालकी कायदा, उरतो, त्यात दोषाची मुदत तीन वर्षं. आगाऊ रकमेचं वेगळं खातं ठेवायला मोफाही सांगतो, पण ७० टक्क्यांसारखी अट नाही. अशा ग्राहकासाठी, बिल्डर सोडून, इमारत नीट आहे की नाही हे बघणारं एकच सरकारी तोंड उरतं. ते म्हणजे नगरपरिषद.

आता ती काय बघते ते सांगतो.

फाईल सुरू झाली मोजणीपासून. भूमी अभिलेखकडे पैसे भरले, तारीख मिळाली, मोजणीदार आले, पूर्वेकडची हद्द शेजाऱ्याच्या संडासातून जाते असं निघालं. त्यावर तीन महिने आणि एक मैत्री खर्च झाली. प्रॉपर्टी कार्डावर आत्याचं नाव होतं, ती १९९४ मध्ये वारली. वारसनोंद झाली. मग रस्ता. मंजूर ले-आऊटमध्ये तो नऊ मीटर दाखवलाय. जागेवर कुणाची पायरी, कुणाचं तुळशीवृंदावन, कुणाच्या कंपाउंडचा फुगवटा पुढे आल्यामुळे सव्वासात भरतो. "प्रत्यक्ष रुंदी नमूद करावी" अशी पहिली त्रुटी आली. नमूद केली. "ले-आऊटप्रमाणे रुंदी का नाही, खुलासा करावा" ही दुसरी. त्याचा खुलासा मी करायचा! गेल्या चाळीस वर्षांत तो रस्ता आत सरकत असताना त्याच्या दोन्ही बाजूंची घरपट्टी नियमित गोळा करणाऱ्यांनी मला हा प्रश्न विचारला.

तिसरी त्रुटी सॉफ्टवेअरनं काढली: एका डक्टची रुंदी सात सेंटिमीटरनं कमी. सॉफ्टवेअरबद्दल मी वाईट बोलणार नाही. डक्ट खरोखरच कमी होता, चूक आमच्या आर्किटेक्टची होती, आणि संगणकाला चहा पाजता येत नाही हा त्याचा मोठा गुण आहे. सामासिक अंतरं, खोल्यांची मापं, जिन्याची रुंदी, पार्किंगच्या चौकटी, हे सगळं यंत्रानं मोजावं यासारखी चांगली गोष्ट नाही. प्रश्न पुढचा आहे. यंत्रानं मोजल्यावर तोच नकाशा पुन्हा माणसांनी चार टेबलांवर का मोजायचा?

कायद्यात यावर उतारा आहे, असं सांगतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या ४५ व्या कलमानुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. मानीव परवानगी. ऐकायला गोड. पण हे साठ दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा अर्जदारानं शेवटच्या विचारणेला उत्तर दिलं त्या तारखेपासून, यांत जे नंतरचं असेल तिथून मोजायचे असतात. पन्नासाव्या दिवशी एक त्रुटी काढली की घड्याळ पुन्हा शून्यावर. आम्हाला अकरा महिन्यांत पाच वेळा त्रुटी आल्या, त्यांतल्या चार पहिल्याच दिवशी काढता आल्या असत्या. शिवाय मानीव परवानगीवर बँक कर्ज देत नाही, आणि नकाशात नियमाविरुद्ध काही निघालं तर ते बांधकाम अनधिकृतच ठरतं. मला आजवर मानीव परवानगीवर बांधलेली एकही इमारत कुणी दाखवलेली नाही.

असो. परवानगी आली, नारळ फुटला, पोकलेन आला.

आमच्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, आणि तो कोपऱ्याकोपऱ्याला वेगळ्या खोलीवर लागतो. आमच्या आरसीसी कन्सल्टंटनं, म्हणजे पाया आणि सांगाड्याचं गणित करणाऱ्या अभियंत्यानं, नऊ फूट सांगितलं होतं. वायव्येच्या कोपऱ्यात नऊ फुटांवर अजून काळीच होती. ठेकेदार म्हणाला, "साहेब, एवढ्यानं काय होतंय, राफ्टच्या, पायातल्या सलग स्लॅबच्या, जाडीत घेऊ." तो वाईट माणूस नव्हता. दर ठरलेला होता, आणि खाली जाणारा प्रत्येक फूट त्याच्या खिशातून जात होता. मी कन्सल्टंटला फोन लावला, ते दुसऱ्या गावाहून आले, दोन फूट आणखी खोदलं. त्या दिवशी मी साइटवर नसतो तर? मी नोकरी करतो. बहुतेक दिवस मी साइटवर नव्हतोच.

पाया भरला, जोतं आलं, तपासणीचा अर्ज दिला. नगरपरिषदेचे कर्मचारी टेप घेऊन आले, चारही बाजूंचे मार्जिन, म्हणजे हद्दीपासून सोडलेली मोकळी जागा, मोजले, बरोबर निघाले, गेले. पाया त्यांना दिसूच शकत नव्हता, तो तोवर मातीखाली होता. जोतं तपासणी म्हणजे इमारत जागेवर आहे की नाही याची तपासणी. ती कशावर उभी आहे, हा त्यातला प्रश्नच नाही.

त्यानंतर थेट भेट झाली ती सोळा महिन्यांनी, भोगवट्याच्या अर्जावर. पार्किंगच्या चौकटी मोजल्या, टाकीचा फोटो काढला, गच्चीवर जाऊन आले. वीस-पंचवीस मिनिटं. स्थैर्य प्रमाणपत्र? ते फाईलला जोडलेलं होतं. कन्सल्टंटनं दिलेलं, ज्याची फी मी भरली होती. आमचा कन्सल्टंट चोख होता म्हणून मला झोप लागते. पण व्यवस्था माझ्या नशिबावर उभी असून चालेल का?

कराड-पाटणच्या पट्ट्यातल्या माणसाला हा प्रश्न हवेतला वाटू नये. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवणारी माणसं अजून आमच्यात आहेत. भूकंपात काँक्रीटची इमारत टिकते ती बऱ्याच अंशी रिंगांवर. कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगांचे आकडे १३५ अंशांत आत वळवलेले असावेत, सांध्याजवळ रिंगा दाट असाव्यात, असं भारतीय मानक सांगतं. साइटवर बहुतेक ठिकाणी त्या ९० अंशांत वळवलेल्या दिसतात, कारण तसं वळवायला सोपं जातं आणि सेंटरिंग लागलं की कुणाला दिसत नाही. किती रिंगा, कशा वळवल्या, हे बघता येतं ते फक्त काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती माहिती कायमची बंद.

त्यात पार्किंगचा नियम. गाड्यांच्या चौकटी भराव्या लागतात, जागा चार गुंठे, म्हणून प्रत्येक लहान इमारत तळमजला मोकळा ठेवून नुसत्या कॉलमवर उभी राहते. अशा मोकळ्या तळमजल्याच्या कॉलमना खास मजबुती लागते, कारण वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा लवचिक. २६ जानेवारी २००१ ला भूजपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या, त्यांत या जातीच्या पुष्कळ होत्या. म्हणजे जो नियम इमारतीला कमकुवत आकार घ्यायला लावतो, त्याच नियमाचा रखवालदार चौकटी मोजतो आणि कॉलमकडे पाठ करतो. हे मला कुणी समजावून सांगितलं तर मी ऐकायला तयार आहे.

कागद आणि काँक्रीट यांचा संबंध किती सैल आहे, हे आपण महाराष्ट्रात पुन्हापुन्हा पाहिलंय. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याची इमारत पडली, ७४ माणसं गेली. तिला परवानगीच नव्हती. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन पडली, पाच मजली, दहा वर्षंही न झालेली, १६ माणसं गेली. ती महाड नगरपरिषदेच्या हद्दीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कागदपत्रांसकट उभी राहिली होती. गुन्हा दाखल झाला त्यात बिल्डर, आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंटबरोबर नगरपरिषदेचे अधिकारीही होते. आणि तिसरी तऱ्हा कल्याण-डोंबिवलीची: ६५ इमारतींनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या तयार केल्या, त्यांवर महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली, लोकांनी कर्ज काढून घरं घेतली, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या. कागद नसलेली, कागद असलेली, खोटा कागद असलेली. तिन्ही प्रकारांत, इमारत वर चढत असताना तिच्यासमोर उभं राहून नोंद करणारं कुणी नव्हतं.

नगरपरिषदेतल्या एका अभियंत्याशी मी हे बोललो. माणूस सरळ. ते म्हणाले, "बांधकाम, पाणीपुरवठा, पावसाळ्यात नाले, निवडणुकीचं काम, सगळं माझ्याकडे. गावात एकाच वेळी पन्नास साइट चालू असतात. मी कुठल्या स्लॅबला जाऊ?" बरोबर आहे. त्यांनी जावं असं मी म्हणतच नाही. कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सांगलीला वालचंद आहे, जवळपास प्रत्येक जिल्ह्यात तंत्रनिकेतन आहे. स्थापत्य विभागाची माणसं आजही सरकारी कामांची तपासणी करतात, जुन्या इमारतींचं ऑडिट करतात. त्यांच्या आणि अनुभवी खाजगी अभियंत्यांच्या यादीतून नगरपरिषदेनं चिठ्ठी टाकून माणूस ठरवावा. मालकानं निवडायचा नाही. मालकानं पैसे मात्र भरायचे, आणि ते नगरपरिषदेकडे.

आठ फ्लॅटच्या इमारतीत बघण्यासारखे क्षण किती? पायाची सळई, प्लिंथ बीम, पाच स्लॅब. सात. भेटीला पाच हजार धरले तर पस्तीस हजार, म्हणजे फ्लॅटमागे साडेचार हजारांच्या आत. आमच्याकडे लोक किचन ओट्याच्या ग्रॅनाइटवर यापेक्षा जास्त खर्च करतात आणि वर त्याचा फोटो नातेवाइकांना पाठवतात. विकास शुल्क, अधिमूल्य, एक टक्का कामगार उपकर असं सगळं मिळून आम्ही जे भरलं, त्यात ही रक्कम शोधावी लागली असती.

"भेटी वाढल्या की पाकिटं वाढतील," हे मला सगळ्यात जास्त ऐकवलं जातं, आणि ते खोडून काढणं सोपं नाही. तपासायला आलेला माणूस अडवूही शकतो. म्हणून त्याच्या हाती 'मंजूर-नामंजूर' एवढंच न ठेवता फोटो ठेवावा. सळईचा, तारीख-वेळ-जागेसकट, क्यूब टेस्टच्या (काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद बघण्याच्या) अहवालाबरोबर परवानगी क्रमांकाखाली टाकलेला, कुणालाही बघता येईल असा. साइटवर बोर्ड लागतोच, त्यावर क्यूआर कोड छापला की झालं. पाकीट दिलं तरी ९० अंशांतली रिंग फोटोत ९० अंशांतच दिसेल, आणि पुढच्या दहा वर्षांत कधीही, कुणीही ती मोजू शकेल. ही काही मी शोधून काढलेली युक्ती नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांसाठी जे निर्देश दिले, त्यांत मंजूर नकाशा साइटवर लावावा, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी जागेवर जाऊन तपासणी करावी आणि तिची नोंद ठेवावी, हे आहेच. पाणी, वीज, सांडपाण्याची जोडणी भोगवटा प्रमाणपत्र बघूनच द्यावी, बँकांनीही ते बघूनच कर्ज द्यावं, हेही आहे. आमच्या गावात यातलं काय बदललं ते विचारू नका.

भोगवट्याची तर वेगळीच कथा. मोफाच्या तिसऱ्या कलमात १९६३ पासून लिहिलेलं आहे की पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय बिल्डरनं ताबा देऊ नये. पुढचं वाक्य लोकांना माहीत नसतं: घेणाऱ्यानंही घेऊ नये. म्हणजे कायद्याच्या लेखी आपल्या गावागावांतले हजारो कुटुंबप्रमुख वास्तुशांत करून, सत्यनारायण घालून, सहकुटुंब कायदा मोडून राहताहेत. नगरपरिषद त्यांना नळजोड देते, घरपट्टी लावते, अनधिकृत असेल तर दंडासकट लावते. पिंपरी-चिंचवडमध्ये अशा दंडाला शास्तीकर म्हणत. तो वर्षानुवर्षं थकला, निवडणुकांत गाजला आणि २०२३ मध्ये माफ झाला. गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जागांचं, म्हणजे गुंठेवारीचंही तेच. २००१ च्या कायद्यानं त्या वर्षापर्यंतचं नियमित केलं, २०२१ मध्ये दुरुस्ती करून मुदत डिसेंबर २०२० पर्यंत आणली. ज्याला अकरा महिने त्रुटी सोसायच्या नाहीत, त्यानं वीस वर्षं थांबायची तयारी ठेवावी. हिशेब वाईट नाही.

या माफ्यांमागे गरीब माणूस असतो, हे मला मान्य आहे. दोन गुंठ्यांवर पत्र्याचं घर बांधणाऱ्याला आराखड्यात जागाच ठेवली नाही तर तो कुठे जाणार? त्याला नियमित करा, करायलाच हवं. पण त्याच्या पदराआडून चार मजल्यांची विक्रीची इमारतही नियमित होते, तिथे माझा आक्षेप आहे. माझ्या मते नियमाची रेघ चौरस मीटरवर ओढणं हीच मूळ चूक. स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला पावतीवर परवानगी द्या, १५० काय, ३०० चौरस मीटरपर्यंतही द्या. त्याचं छप्पर त्याच्याच डोक्यावर असणार आहे, तो सिमेंटमध्ये चोरी करणार नाही. परक्या माणसाला एक जरी फ्लॅट विकायचा असेल, तर भूखंड केवढाही असो, सळई झाकण्याआधी तिसऱ्या माणसानं बघितलीच पाहिजे. आमच्यासारखा 'वाटणी' म्हणवणाराही त्यात आला. चार फ्लॅट घरात ठेवले म्हणून उरलेले चार आपोआप मजबूत होत नाहीत.

रेराची मर्यादा खाली आणा, असं काही मित्र म्हणतात. तो अधिकार कायद्यानं राज्य सरकारला दिलेला आहे, ५०० मीटर आणि आठ फ्लॅटचा उंबरठा कमी करता येतो. मला ते नको वाटतं. तिमाही अहवाल, वेगळी खाती, सीएचे दाखले हा सगळा डोलारा चार भावंडांच्या वाटणीवर टाकला तर ती भावंडं जागा उचलून एखाद्या मोठ्या बिल्डरला देतील, आणि गावात लहान इमारत बांधणं हा प्रकारच संपेल. शिवाय रेरा कागदच बघतं. ते पैशाचं रखवालदार आहे, काँक्रीटचं नव्हे. कल्याण-डोंबिवलीत तर त्याला कागदाचीही पारख झाली नाही.

आणि परवानगीच नको म्हणणारेही आहेत, बहुतेक शहरांत राहणारे, व्यवसायसुलभतेचे लेख लिहिणारे. त्यांनी आमच्या पेठेत येऊन बघावं. दोन इमारतींमध्ये हात लांबवला की शेजारणीच्या खिडकीतला गॅस बंद करता येईल अशा जागा आहेत. मार्जिन हे मालकासाठी नसतंच, ते शेजाऱ्याच्या उजेडासाठी आणि अग्निशमनच्या गाडीसाठी असतं. नकाशा तपासायलाच हवा. पण एकदा, यंत्रानं, सगळ्या त्रुटी एका कागदावर देऊन. आणि तिथे वाचलेले दहा महिने साइटवर खर्च व्हावेत.

डिसेंबर २०२५ मध्ये कितीतरी वर्षांनी नगरपरिषदेची निवडणूक झाली. बांधकाम परवानगी नगरसेवकांच्या हातात नसते, ती मुख्याधिकाऱ्यांची, हे खरं. तरी मी उत्सुकतेनं घरी आलेली सगळी पत्रकं वाचली. गटारं होती, एलईडी दिवे होते, ओपन जिम होती, एकानं तर कुत्र्यांचा बंदोबस्त लिहिला होता. ज्या इमारतीत आपण रात्री झोपतो ती कुणी तपासली, हा विषय एकाही पत्रकात नव्हता. मतदार विचारत नाही, उमेदवार कशाला लिहील?

आमचा भोगवटा अखेर आला. चौथा फ्लॅट विकायचा राहिला होता, तो बघायला मागच्या महिन्यात एक तरुण जोडपं आलं. दोघंही नोकरीवाले, मुलगी कडेवर. मुलानं विचारलं, "काका, प्लॅन पास आहे ना?" मी हो म्हटलं, आणि कधीपासून करून ठेवलेली फाईल त्यांच्यापुढे टाकली. भोगवटा प्रमाणपत्र, सातही टप्प्यांवर मी काढलेले सळईचे फोटो, प्रत्येक स्लॅबचे २८ दिवसांचे क्यूब टेस्टचे अहवाल. त्यानं दोन पानं उलटली, छान म्हणाला आणि फाईल बायकोकडे दिली. तिनं ती मुलीला खेळायला दिली आणि ओट्याजवळ जाऊन विचारलं, "काका, हा ग्रॅनाइट आहे की कडप्पा?"